मोजून आवळलेला बोल्ट

नाशिकचा लौकिक जसा गोदावरीच्या घाटांवर आणि द्राक्षांच्या मळ्यांवर उभा आहे, तसाच तो गेल्या अर्धशतकात सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांवरही उभा राहिला आहे, हे नाशिककरांना निराळे सांगावयास नको. त्र्यंबक रस्त्याला लागलेल्या प्रवाशास जे मायको सर्कल भेटते, त्याचे नाव डिझेल इंजिनांत इंधनाचा सूक्ष्म तुषार सोडणारे भाग घडविणाऱ्या कारखान्यावरून पडलेले आहे. सातपुरात महिंद्र कंपनीचा तो विस्तीर्ण कारखाना आहे, ज्यातून २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ ही वाहने बाहेर पडली आणि पाहता पाहता देशभरच्या खेड्यापाड्यांतून फिरू लागली. आणि घाटमाथ्यावर इगतपुरीस याच कंपनीचा इंजिने बनविण्याचा कारखाना आहे. ज्या मुलखात मोटार जन्मास येते, त्या मुलखात तिच्या एका उपेक्षित अवयवाविषयी लिहावे आणि तो निकामी झाल्यावर त्याच्या जागी नवा कसा बसवितात याचा तपशील सामान्य वाचकापुढे ठेवावा, हा या लेखाचा हेतू आहे. आणि मोटारीच्या दुरुस्तीत अंदाजाची जागा मोजमापाने घ्यावी, ही कळकळ त्या हेतूच्या मुळाशी आहे.

तो अवयव म्हणजे क्रँकपुली. इंजिनाच्या पोटात दट्टे खालीवर होत असतात, आणि त्यांच्या त्या खालीवर होण्याचे फिरण्यात रूपांतर करणारा जो अनेक कोपरांचा पोलादी दंड असतो, त्यास क्रँकशाफ्ट म्हणतात. या दंडाच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील हे जड चक्र जोडलेले असून तेथून शक्ती चाकांकडे जाते. पुढचे टोक मात्र इंजिनाच्या दर्शनी भागातून थोडेसे बाहेर डोकावते, आणि त्या टोकावर, म्हणजे कारागीर ज्यास क्रँकचे नाक म्हणतात त्यावर, मधोमध एका मोठ्या बोल्टाने आवळलेली जी वीतभर रुंदीची पुली दिसते, ती ही क्रँकपुली. बोलेरोसारख्या गाडीत ती रेडिएटरच्या मागे असते, तर ज्या लहान मोटारींत इंजिन आडवे बसविलेले असते, त्यांत ती पुढच्या एका चाकाच्या आतल्या बाजूस, चिखल अडविणाऱ्या प्लास्टिकच्या पडद्याआड दडलेली असते. तिच्या कडेवरील खाचांतून एक रबरी पट्टा गेलेला असतो. बॅटरीला वीज पुरविणारा अल्टरनेटर, वातानुकूलनाचा काँप्रेसर, अनेक गाड्यांत इंजिन थंड राखणारा पाण्याचा पंप आणि ज्या गाड्यांचे स्टिअरिंग तेलाच्या दाबाने हलके होते त्यांत त्याचाही पंप, या सर्वांना गती मिळते ती या एका पट्ट्यामुळे, आणि पट्ट्यास ती मिळते या एका पुलीमुळे. यावरून तिच्या अंगावर केवढा कारभार सोपविलेला आहे, याची कल्पना यावी.

परंतु पट्टा फिरविणे हे तिचे दर्शनी काम झाले. तिचे दुसरे काम असे आहे की जे डोळ्यांना दिसत नाही, कानांना ऐकू येत नाही, आणि म्हणूनच ज्याची सर्वाधिक हयगय होते. चार दट्ट्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोन स्फोट होतात. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदास ५० फेरे आणि १०० स्फोट झाले. प्रत्येक स्फोटाचा धक्का दंडाला त्या त्या कोपरावर बसतो, आणि दंडाचे दुसरे टोक जड चक्राला बांधलेले असल्यामुळे ते त्या क्षणी तितक्याच वेगाने पुढे सरकण्यास तयार नसते. दोघी जणींनी ओले लुगडे दोन टोकांना धरून पिळावे, तसा तो पोलादी दंड कणभर पिळला जातो आणि धक्का ओसरताच पुन्हा उलगडतो. फरक इतकाच, की हे पिळणे आणि उलगडणे सेकंदात शंभर वेळा घडते. प्रत्येक धातूच्या दंडास कंप पावण्याची स्वतःची अशी एक गती असते, आणि इंजिनाच्या स्फोटांची लय एखाद्या विवक्षित वेगाला त्या गतीशी जुळली, की कंप वाढत वाढत जातो. पुण्याच्या मुंढव्यात १९६१ साली स्थापन झालेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्यात, लालबुंद पोलादावर प्रचंड दाब देऊन घडविलेला क्रँकशाफ्ट हा अतिशय चिवट असतो खरा. तथापि चिवटातल्या चिवट पोलादालाही थकवा येतो, आणि थकलेल्या पोलादात प्रथम केसाएवढी भेग पडते व मग एके दिवशी, कोणतेही विशेष कारण न घडता, तो दंड दुभंगतो.

मोटारीच्या बाल्यावस्थेत हे दुभंगणे नित्याचे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सहा दट्ट्यांची लांबलचक इंजिने बनू लागली, तेव्हा त्यांचे क्रँकशाफ्ट ठराविक वेगाला थरथरू लागले आणि मोडू लागले, आणि इंग्लंडातील नामांकित अभियंत्यांची बुद्धी त्यापुढे काही काळ कुंठित झाली. त्यांतील हेन्री रॉइस या मोटार-अभियंत्याने यावर उपाय शोधले. फ्रेडरिक लँचेस्टर या प्रतिभावान अभियंत्याने १९१० च्या सुमारास, दंडाच्या पुढच्या टोकावर घर्षणाने जोडलेले एक लहान चक्र बसवून त्या घर्षणात कंपाची शक्ती जिरविण्याची युक्ती काढली आणि तिचे हक्क नोंदविले. आजची क्रँकपुली ही त्याच कल्पनेची वंशज आहे. तिची रचना अशी असते : मध्ये दंडावर घट्ट बसणारा धातूचा गाभा, बाहेर खाचांचे जड कडे, आणि या दोहोंच्या मध्ये रबराचे एक अरुंद वलय. दंड पिळला की गाभा त्याच्याबरोबर हलतो, परंतु बाहेरचे जड कडे आपल्या जडत्वाने मागे राहू पाहते. मधले रबर ताणले जाते, आणि कंपाची शक्ती त्या रबरात उष्णतेच्या रूपाने विरून जाते. मोठ्या ट्रकांच्या इंजिनांत रबराऐवजी बंद डब्यात दाट सिलिकॉन तेल भरून हेच कार्य साधलेले असते. काही लहान इंजिनांत पुली सबंध धातूची असते, कारण त्यांच्या आखूड दंडास अशा संरक्षणाची निकड नसते. पण ज्या इंजिनाला रबराची पुली दिलेली आहे, त्याला हलकी आणि चकचकीत अशी अॅल्युमिनियमची सबंध पुली हौसेने बसविणे, हा त्या इंजिनाच्या आयुष्याशी केलेला अविचारी व्यवहार होय.

रबर हे नश्वर आहे. ते उष्णतेने कडक होते, तेलाने फुगते आणि मऊ पडते, आणि वयाबरोबर त्यास भेगा जातात. नाशिक जिल्ह्यातील वाहनांच्या वाट्याला ही तिन्ही संकटे येतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून टोमॅटोची क्रेट रचून निघालेली पिकअप गाडी मुंबईस जाताना कसाऱ्याचा घाट उतरते, आणि परतीच्या वाटेवर तोच घाट, सुमारे ६०० मीटर उंचीवरच्या इगतपुरीपर्यंत, खालच्या गिअरमध्ये दमत दमत चढते; एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात त्या चढावर इंजिनाच्या पुढच्या भागात जी उष्णता कोंडते, तिच्यापुढे रबराचा टिकाव किती लागणार? त्यातच क्रँकच्या नाकाभोवती असलेल्या ऑइल सीलमधून तेल पाझरू लागलेले असले, तर ते थेट पुलीवर उडते आणि रबराच्या सांध्यात मुरते. आठ-दहा वर्षे राबलेल्या गाडीची पुली यामुळे बाहेरून धडधाकट दिसूनही आतून सुटलेली असू शकते.

ती सुटत चालल्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. पट्टा वारंवार किंचाळू लागतो. बहुतेक वेळा 'पट्टा गेला' असे निदान होऊन नवा पट्टा पडतो, आणि महिना-दोन महिन्यांत तोही किंचाळू लागतो किंवा त्याच्या कडा उसवतात. इंजिन मंद गतीवर असताना पुढून ठोक्यासारखा आवाज येतो आणि वेग वाढविताच नाहीसा होतो. हा आवाज इंजिनाच्या बेअरिंगच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो, की त्यापायी निष्कारण इंजिन उघडले गेल्याची उदाहरणे घडतात. पुलीच्या आजूबाजूस काळ्या रबराची भुकटी साचते. आणि चालू इंजिनाकडे बाजूने पाहिले असता पुली सरळ न फिरता डोलताना दिसते. या सर्वांहून खात्रीची परीक्षा एक आहे, आणि तिला पैसा पडत नाही : इंजिन बंद करून, पुलीच्या गाभ्यापासून बाहेरच्या कड्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढावी, आणि आठवडाभर गाडी वापरल्यावर ती रेघ पुन्हा पाहावी. रेघ अभंग असेल तर रबराची पकड शाबूत आहे. रेघेचे दोन तुकडे होऊन एक दुसऱ्याच्या पुढे सरकला असेल, तर कडे गाभ्यावर घसरत आहे आणि पुली बदलण्याची वेळ आलेली आहे. ज्या जुन्या पेट्रोल गाड्यांत ठिणगीची वेळ पुलीच्या कडेवरची खूण पाहून जुळवितात, त्यांत कडे घसरले की ती खूणच खोटी पडते, आणि जाणता मिस्त्रीही त्या खोट्या साक्षीवर विसंबून इंजिनाची वेळ बिघडवून बसतो.

नवी पुली विकत घेताना घाई करू नये. नाशिकच्या द्वारका चौकापासून अंबडपर्यंत सुट्या भागांच्या दुकानांत एकाच गाडीसाठी कंपनीचा आणि स्थानिक असे दोन्ही माल मिळतात, आणि किमतीत अंतर मोठे असते. मी स्थानिक मालाचा सरसकट निषेध करणार नाही, कारण साधी खिळी, साधा कंस किंवा दिव्याची काच यांत तो पुष्कळदा उत्तम निघतो. परंतु ज्या वस्तूची सारी किंमत तिच्या वजनाच्या अचूक वाटपात आणि रबराच्या विशिष्ट कडकपणात आहे, त्या वस्तूत नुसते माप जुळणे पुरेसे नाही. जुनी पुली सोबत नेऊन खाचांची संख्या, कड्याची खोली आणि पुलीला नाकावर अडविणाऱ्या पोलादी चावीच्या खाचेची जागा ताडून पाहावी. काही इंजिनांत क्रँकची स्थिती संगणकास कळविणारे दातेरी कडे पुलीलाच जोडलेले असते. तसे असेल तर त्याचे दातही मोजावेत, कारण एक दात चुकला तरी इंजिन सुरूच न होण्याचा संभव असतो. पुलीच्या पाठीवर ठिकठिकाणी छिद्रे पाडलेली दिसली, तर तो दोष नव्हे; तोल साधण्यासाठी कारखान्यात तेवढा धातू मुद्दाम काढलेला असतो.

आता जुनी पुली उतरविण्याकडे वळू. बॅटरीची ऋण तार प्रथम सोडावी. गाडी सपाट जमिनीवर घेऊन, चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावून, जॅकने उचलावी आणि ताबडतोब तिच्याखाली घोडी द्यावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे हा प्राणाशी खेळ आहे, आणि नाशिकमधीलच नव्हे तर कोठल्याही गॅरेजातील कारागिराने तो खेळू नये. चाक आणि प्लास्टिकचा पडदा काढला, की पट्टा कोणकोणत्या पुल्यांवरून कसा गेला आहे याचे चित्र कागदावर काढून ठेवावे, किंवा मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. नंतर ताण देणारी पुली सैल करून पट्टा उतरवावा.

मग येतो तो मधला बोल्ट, आणि येथेच बहुतेक अनर्थांची सुरुवात होते. हा बोल्ट गाडीतील सर्वांत घट्ट आवळलेल्या बोल्टांपैकी एक असतो, आणि तो सोडविण्यास लांब दांड्याचा पाना लावला, की बोल्ट सुटण्याऐवजी सबंध इंजिनच फिरू लागते. ते फिरू न देण्याची तजवीज प्रथम केली पाहिजे. पुलीच्या छिद्रांत खुंट्या अडकवून धरणारे हत्यार असल्यास उत्तम. नसल्यास सेल्फची मोटर काढून त्या जागेतून फ्लायव्हीलच्या दातांना अडसर लावतात. आणि हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत वरचा गिअर टाकून सहकाऱ्याने ब्रेक दाबून धरण्याचाही शिरस्ता आहे. पाना जमिनीला किंवा चौकटीला अडकवून सेल्फ मारणे आणि इंजिनाच्याच झटक्याने बोल्ट सोडविणे, ही रीत पुष्कळ ठिकाणी चालते. पाना निसटला तर तो लोखंडी दांडा काय करील याचा विचार केल्यावर, ही रीत सर्वस्वी वर्ज्य मानावी, असे माझे स्पष्ट मत आहे. हवेच्या दाबावर चालणारी गन असेल तर बोल्ट सोडविण्यास तिचा उपयोग अवश्य करावा. गॅसची ज्योत मात्र लावू नये. तिने रबर आणि ऑइल सील दोन्ही जळतात. इंजिन बहुतेक सर्व गाड्यांत समोरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते आणि बोल्टाचे आटे नेहमीच्या उजव्या वळणाचे असतात. तरी उलट फिरणारी इंजिनेही अस्तित्वात आहेत, तेव्हा जोर लावण्यापूर्वी खातरजमा करावी.

बोल्ट निघाला म्हणजे पुली निघाली असे नव्हे. काही गाड्यांत ती हाताने हलवून बाहेर येते, पण जिथे ती नाकावर घट्ट बसलेली असते, तिथे पुलर लागतो. पुलीच्या गाभ्यात आट्यांची दोन-तीन छिद्रे असतात, ती त्यासाठीच ठेवलेली असतात. त्यांत बोल्ट घालून, पुलरचा मधला स्क्रू क्रँकच्या नाकावर टेकवून, सावकाश ओढावे. नाकातल्या आट्यांना इजा होऊ नये म्हणून स्क्रूच्या टोकाशी धातूची एक टिकली ठेवतात. तीन आकड्यांचा बेअरिंग पुलर बाहेरच्या कड्याला लावून ओढण्याची चूक सर्रास होते. तिने गाभा जागच्या जागी राहतो, रबर फाटते आणि कडे हातात येते. जुनी पुली फेकून द्यावयाचीच असेल तर ते चालेल असे कोणी म्हणेल, पण ऑइल सील बदलण्यासाठी चांगली पुली काढतानाही हात त्याच सवयीने चालतो, आणि मग चांगलीच पुली वाया जाते.

पुली हातात आली की आतला प्रदेश निगुतीने पाहावा; हा तपास जितका सावकाश होईल तितका पुढचा खर्च वाचतो. ऑइल सीलमधून तेल पाझरत असल्यास सील याच वेळी बदलावे, कारण ते बदलण्यासाठी पुन्हा हेच सारे काम करावे लागणार आहे, आणि सीलची किंमत मजुरीच्या मानाने किरकोळ असते. क्रँकच्या नाकावर चावीची खाच असते, आणि त्या खाचेत अर्धचंद्राकृती किंवा चौकोनी अशी पोलादी चावी बसविलेली असते. खाचेच्या कडा सरळ आणि धारदार आहेत की चेपून रुंद झाल्या आहेत, हे बोट फिरवून आणि दिव्याच्या उजेडात पाहावे. रुंद झाल्या असल्या तर याचा अर्थ असा, की पूर्वी केव्हातरी बोल्ट सैल राहिला आणि पुली त्या चावीवर खडखडत फिरली. अशा वेळी नवी पुली बसवून काम भागत नाही. नाकच खराब झालेले असते, आणि नाक म्हणजे क्रँकशाफ्ट. पुली बदलण्याचे काम सकाळच्या प्रहरी सुरू होऊन दुपारी संपते. क्रँकशाफ्ट बदलावयाचा तर सबंध इंजिन उतरवून उघडावे लागते, आणि जुन्या गाडीच्या बाबतीत पुष्कळदा गाडी विकण्याचाच प्रश्न उभा राहतो. जपानच्या माझदा कंपनीची मियाटा ही लहान मोटार १९८९ साली बाजारात आली, तेव्हा तिच्या पहिल्या इंजिनांत क्रँकचे नाक आखूड ठेवलेले होते. बोल्ट किंचित सैल राहिला, की चावी खाच कुरतडे आणि क्रँकशाफ्ट निकामी होई. कंपनीला पुढे ती रचना बदलून नाक लांब करावे लागले. एका बोल्टाच्या आवळण्याचे महत्त्व यापेक्षा अधिक स्पष्ट कशाने व्हावे?

नवी पुली चढविण्यापूर्वी नाक स्वच्छ पुसावे, चावी खाचेत नीट बसली आहे हे पाहावे, आणि सीलची जी ओठासारखी कड पुलीच्या गाभ्यावर टेकते, तिला बोटाने तेलाचा हलका लेप द्यावा. मग पुलीची खाच चावीसमोर आणून ती नाकावर सरळ ढकलावी. हाताच्या दाबाने ती पूर्ण बसली नाही, की हातोडा उचलण्याचा मोह होतो. तो मोह आवरला पाहिजे. पुलीवर मारलेला घाव प्रथम रबराला बसतो आणि नंतर दंडातून आत शिरून, दंडाची पुढेमागे होणारी हालचाल अडविणाऱ्या नाजूक थ्रस्ट बेअरिंगला बसतो. बाहेर काहीच दिसत नाही, पण आत इजा झालेली असते. घट्ट पुली ओढून बसविण्याचे साधन असते : एक लांब आट्यांची सळई क्रँकच्या नाकात हाताने पूर्ण खोल बसवितात, तिच्यावर बेअरिंग आणि नट चढवितात, आणि नट फिरवीत गेले की पुली इंच-इंच आत सरकते. इंजिनाच्याच बोल्टाने पुली ओढून घेण्याची सवय वाईट आहे, कारण सुरुवातीला त्याचे दोन-तीनच आटे पकडलेले असतात. ते निघून आले, तर नाकातले आटे बिघडले आणि पुन्हा क्रँकशाफ्टवरच गोष्ट आली.

शेवटी बोल्ट आवळणे. प्रत्येक इंजिनासाठी निर्मात्याने या बोल्टाचा जोर ठरवून दिलेला असतो, आणि तो न्यूटन-मीटर या मापात सांगितलेला असतो. एक मीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला दहा किलो वजन टांगले, तर बोल्टावर जवळजवळ १०० न्यूटन-मीटर जोर पडतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे या मापाची भीती राहत नाही. लहान पेट्रोल इंजिनांत हा आकडा शंभराच्या आसपास असतो, मोठ्या इंजिनांत दोनशेच्या आणि क्वचित तीनशेच्याही पुढे जातो. काही निर्माते आधी ठराविक जोर लावून त्यानंतर बोल्ट आणखी ठराविक अंश, उदाहरणार्थ ९० अंश, फिरविण्यास सांगतात. असा बोल्ट आवळताना मुद्दाम किंचित ताणला जातो, आणि म्हणून तो एकदा काढल्यावर पुन्हा वापरावयाचा नसतो. काही इंजिने अशी आहेत, की त्यांत चावीच नाही. पुली आणि तिच्या मागचे टाइमिंगचे, म्हणजे झडपांची वेळ दट्ट्यांशी जुळविणारे, दातेरी चाक ही दोन्ही निव्वळ या बोल्टाच्या दाबाने नाकावर पकडलेली असतात. अशा इंजिनात टाइमिंग खुंट्यांनी बंदिस्त केल्याशिवाय बोल्टाला हातही लावू नये. ते सरकले तर झडपा दट्ट्यांवर आदळतात, आणि इंजिन सुरू होताच मोडते.

जोर मोजण्याचे साधन म्हणजे टॉर्क रेंच. ठरलेला आकडा त्यावर लावला, की तेवढा जोर होताच पाना 'टक्' असा आवाज देतो. हवेची गन जोराने फिरविते, पण किती जोराने हे सांगत नाही, म्हणून ती सोडविण्यास ठीक आणि आवळण्यास वर्ज्य. बोल्ट आवळल्यानंतर इंजिन पान्याने हातानेच दोन पूर्ण फेरे फिरवून पाहावे. कोठे अडखळत नाही याची खात्री झाल्यावरच पट्टा चित्राप्रमाणे चढवावा, बॅटरी जोडावी आणि सेल्फ मारावा. पुली सरळ फिरते का, पट्टा खाचांत मधोमध आहे का, बॅटरीचा दिवा विझला का, एवढे पाहून गाडी चार-पाच किलोमीटर चालवून आणावी आणि पुन्हा एकदा वाकून पाहावे.

विलिज जीपच्या काळी क्रँकच्या नाकावरच्या नटाला खाचा असत, आणि पुढच्या बंपरच्या छिद्रातून लोखंडी हँडल त्या खाचांत अडकवून इंजिन हाताने सुरू करीत. त्या पिढीच्या चालकाला आपल्या इंजिनाचे नाक रोज हाताळावे लागे, आणि ते सैल झाले तर त्याच्या हाताला कळे. आज ते कोणाच्या हाताला कळत नाही, म्हणूनच ते मापाला कळले पाहिजे. सातपूरच्या कारखान्यात महत्त्वाचा प्रत्येक बोल्ट मोजून आवळला जातो. त्याच सातपुरातील शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात टॉर्क रेंच मुलांच्या हाती दिला जातो. आणि तीच मुले पुढे रस्त्याकडेच्या गॅरेजात नोकरीस लागली, की तो पाना तेथे नसतो, आणि असला तरी गिऱ्हाईक खोळंबलेले असल्यामुळे भिंतीवरच लटकत राहतो. हा दोष मी कारागिराच्या माथी मारू इच्छित नाही. मुंबई नाक्यावर किंवा आडगावला उन्हात उकिडवा बसून दिवसाला चार गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला वेळेचा तगादा लावणारे आपणच असतो, आणि मोजण्याच्या कामाची मजुरी नाकारणारेही आपणच असतो.

तेव्हा ज्या वाचकाच्या गाडीची क्रँकपुली बदलण्याचा प्रसंग येईल, त्याने गॅरेजात गाडी सोडताना तीन गोष्टी आदराने विचाराव्यात : पुली ओढण्यास गाभ्याचा पुलर आहे काय, बोल्ट नवा घालावयाचा आहे की जुना चालेल, आणि या इंजिनाचा आकडा किती असून तो टॉर्क रेंचवर लावला जाणार आहे काय. उत्तरे समाधानकारक आली, तर मजुरीत घासाघीस करू नये आणि गाडी संध्याकाळऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली तरी चालेल, असे आपण होऊन सांगावे.